सँडरचं पॅड वेळेवर बदला

रँडम ऑर्बिटल सँडर वापरणाऱ्या सुतारांची आणि पॉलिशवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते: कागद टिकत नाही. नवा कोरा गोल कागद लावावा, मशीन चालू करावं आणि दोन मिनिटांत तो कडेने उचकटून भिरकावला जावा. मग दुकानदाराला बोल लावला जातो, कागदाची कंपनी बदलली जाते, कुणी चढ्या भावाचा कागद आणून पाहतो. तोही उडतो. कागदामागे फोमचं जे पॅड असतं त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, तेही त्याचे तुकडे गळायला लागल्यावर.

पॅड मशीनसोबत येतं, म्हणून ते मशीनइतकंच टिकणार असं आपण धरून चालतो. तसं नाही. मोटरमधले कार्बन झिजतात आणि आपण ते बिनतक्रार बदलतो. पॅडही त्याच रांगेतलं आहे. रोज काम करणाऱ्या माणसाने ते वर्षाचे बारा महिने चालावं अशी अपेक्षासुद्धा ठेवू नये. आणि गुळगुळीत, सपाट पृष्ठभाग हवा असेल, तर कागदाच्या नंबराइतकंच महत्त्व या पॅडच्या तब्येतीला द्यायला हवं. कागद कापतो खरा, पण तो कुठे किती कापणार हे मागचं पॅड ठरवतं.

पॅड खराब का होतं

पॅड सोडवून हातात घेतलं की त्याचे तीन थर दिसतात. मशीनला स्क्रूने बसणारी कडक प्लॅस्टिकची थाळी, तिला धरून असलेला पॉलियुरेथेनचा फोम आणि फोमच्या तोंडावर बारीक आकड्यांचा थर, ज्याला आपण सगळे व्हेलक्रो म्हणतो. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला १९५५ साली पेटंट मिळालेली ही युक्ती. आघाड्याचं बी धोतराला धरून बसतं, तसे हे आकडे कागदाच्या पाठीवरची मऊ लव धरतात. यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: लव कागदावर असते आणि आकडे पॅडवर. प्रत्येक नवा कागद आपली ताजी लव घेऊन येतो, आकडे मात्र पहिल्या दिवसापासून तेच असतात.

या आकड्यांचा खरा शत्रू उष्णता. १२५ मिलिमीटरच्या नेहमीच्या सँडरचं पॅड मिनिटाला १२,००० पर्यंत फेर घेतं आणि प्रत्येक फेर साधारण अडीच मिलिमीटर व्यासाचा असतो. हिशेब केला तर कागदावरचा प्रत्येक कण सेकंदाला दीड मीटरहून जास्त घासला जातो. अडीचशे-तीनशे वॅटच्या मोटरची बरीचशी शक्ती या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. लाकूड उष्णता सहज ओढून घेत नाही आणि मागचा फोमही तिला पुढे जाऊ देत नाही. मग ती साठते कुठे? मधल्या आकड्यांच्या थरात. नायलॉन वितळायला दोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं, पण मऊ पडायला तेवढं तापमान लागत नाही. मऊ पडलेल्या आकड्यावर ताण आला की तो सरळ होतो, आणि सरळ झालेला आकडा लव धरू शकत नाही.

उष्णता वाढवण्याचं काम आपण स्वतः करतो, मशीनवर दाब देऊन. कागद बोथट झाला की काम होत नाही, म्हणून हात आपोआप जड पडतो. नवा कागद लावायच्या जागी खांद्याचा जोर लावला जातो. मशीनचं स्वतःचं वजन सव्वा-दीड किलो असतं. त्यावर हात नुसता विसावला तरी तेवढा भार पुरेसा आहे. जास्त दाबलं की आणखी एक गोष्ट बिघडते. रँडम ऑर्बिटलमध्ये पॅड लहान फेरही घेतं आणि त्याच वेळी संथपणे स्वतःभोवतीही फिरतं. या दोन हालचाली मिळून चऱ्यांची दिशा मोडतात आणि म्हणूनच या मशीनचं काम इतकं साफ दिसतं. दाब वाढला की स्वतःभोवतीचं फिरणं थांबतं. उरतो तो लहानसा फेर, आणि तो लाकडावर गोल गोल वळ्या काढत बसतो. कच्च्या लाकडावर त्या डोळ्यांना दिसत नाहीत. स्टेन किंवा पॉलिशचा पहिला हात मारला की उठून येतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यावर सोपा उपाय आहे. पॅडच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली तर मशीन नीट टेकलेलं नाही. जागेवर थबकली तर हात हलका करा. नव्या मुलाला काम शिकवताना तासभर बोलून जे समजत नाही, ते या एका रेघेने समजतं.

दुसरी वाईट सवय म्हणजे मशीन तिरकं धरणं. गोंदाचा डाग, लांबीचा उंचवटा, जुन्या रंगाचा चिवट ठिपका दिसला की पॅडची एक कड त्यावर रुतवली जाते. तेवढ्या जागी लाकडात खळगा पडतो आणि पॅडच्या कडेचा फोम कायमचा दबतो. असे डाग पटाशीने किंवा स्क्रॅपरने काढा, हे काम सँडरचं नाही.

तिसरं कारण धूळ. पॅडवरची भोकं आणि कागदावरची भोकं जुळली नाहीत की भुसा ओढला जात नाही. तो कागदाखाली आणि आकड्यांत साठतो. आकड्यांत पावडर भरली की लव आतपर्यंत पोचत नाही, कागद अर्धवट धरला जातो, तो पॅडवर सरकू लागतो आणि त्या घसटीने आणखी उष्णता तयार होते. कागद लावताना भोकं जुळवायला लागणारे पाच सेकंद कधीही वाचवू नका.

आणि कागदाशिवाय मशीन क्षणभरही लाकडाला टेकवू नका. कागद उडाला हे कळेपर्यंत आकड्यांचा एक पट्टा वितळून चकचकीत झालेला असतो. कडेचा कोपरा फाटलेला कागद 'अजून चालेल' म्हणून चालवला तरी हेच घडतं.

पॅड गेलं आहे हे ओळखायचं कसं

आधी नवा, खात्रीचा कागद लावा. जुन्या कागदाची लव मेलेली असते आणि दोष पॅडवर येतो. नवा कागद तळहाताने सगळीकडे दाबून बसवा, मग कडेपासून सोला. चांगल्या पॅडवरून सोलताना चरचर आवाज येतो आणि हाताला विरोध जाणवतो. आवाज न करता कागद नुसता सुटून आला, तर आकडे संपले. बहुतेक वेळा मधला भाग धरतो आणि कड सोडते. तशी कड सुटणं ही पहिली खूण समजा.

मग अंगठा. फोम कडेने आणि मध्ये दाबून सोडा. लगेच वर यायला हवा. खळगा तसाच राहत असेल, फोम चिकट लागत असेल किंवा बोटाला त्याचा भुगा येत असेल, तर त्या पॅडला आणखी संधी देऊ नका. थाळीपासून किंवा आकड्यांच्या थरापासून फोम सुटला आहे का, हे कडेने नख फिरवून पाहा. असं सुटलेलं पॅड चालत्या मशीनवर फाटून निघू शकतं.

सपाटी तपासायला एक स्टीलची पट्टी पॅडवर आडवी धरा आणि उजेडाकडे पाहा. कडेला फट दिसली, तर पॅड गोलावलं आहे. याहून चांगली परीक्षा पेन्सिलची: एका सपाट फळीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा, १८० नंबरचा नवा कागद लावा आणि मशीन एकाच जागी, न दाबता, दोन-तीन सेकंद चालवा. चांगल्या पॅडखालच्या रेघा साधारण सारख्या पुसल्या जातात. मधल्या पुसल्या आणि कडेच्या तशाच राहिल्या, किंवा एकाच बाजूच्या गेल्या, तर पॅड बदलायची वेळ झाली आहे.

व्हिनिअरचं काम करणाऱ्यांनी ही परीक्षा प्रत्येक नव्या कामाआधी करावी, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे कपाटांना लागणाऱ्या डेकोरेटिव्ह प्लायवरचा व्हिनिअर साधारण अर्धा मिलिमीटर, पुष्कळदा त्याहून पातळ असतो. गोलावलेलं किंवा फार मऊ पडलेलं पॅड दाराच्या कडेवरून नेलं की ते कडेला कवळतं आणि तेवढ्या जागी व्हिनिअर खाऊन खालचा प्लाय उघडा पाडतं. त्यावर दुरुस्ती जवळजवळ नाही. काही शे रुपयांचं पॅड वाचवण्यासाठी हजारोंचं दार घालवण्यात काहीच अर्थ नाही.

नवं पॅड घेताना

फक्त '१२५ एमएमचं पॅड द्या' एवढं सांगून भागत नाही. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्यास, भोकांची मांडणी, मशीनला बसण्याची पद्धत आणि फोमचा कडकपणा. १२५ मिलिमीटरमध्ये आठ भोकांची मांडणी सर्वाधिक दिसते, पण पाच भोकांचीही आहे. १५० मिलिमीटरमध्ये सहा, नऊ, सतरा अशा तऱ्हा आहेत. बसण्याची पद्धतही कंपनीगणिक बदलते. काहींना मधोमध एकच मोठा स्क्रू असतो, काहींना तीन-चार लहान. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधल्या हवेवर चालणाऱ्या सँडरच्या पॅडला पाठीमागे आट्यांचा दांडाच असतो. त्याचं माप बहुधा ५/१६ इंच असतं. मशीनवरच्या पट्टीचा मॉडेल नंबर फोनमध्ये टिपून घ्या आणि जुनं पॅड सोबत न्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तरी दुकानदार पहिलं तेच मागेल.

दुसऱ्या कंपनीचं स्वस्त पॅड बसत असेल तर लावावं का? मोजून-मापून लावा. पॅड मध्यापासून थोडं बाजूला फिरतं आणि त्याचा तोल राखायला मशीनमध्ये एक प्रतिवजन बसवलेलं असतं. ते मूळ पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. नवं पॅड बरंच जड किंवा हलकं निघालं तर मशीन थरथरतं, हाताला मुंग्या येतात आणि बेअरिंग लवकर जातं. जुनं आणि नवं पॅड काट्यावर शेजारी ठेवून पाहिलं की शंका मिटते.

कडकपणाचं गणित कामावर अवलंबून आहे. टेबलाची पाटी, दारं, फ्लश कडा यांना कडक पॅड. घरातल्या सर्वसाधारण कामाला मध्यम. खुर्चीचे हात, जिन्याचा कठडा, गाडीचं बॉनेट अशा वळणदार जागांना मऊ. रंगावरून कडकपणा ओळखू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. एकच घ्यायचं असेल तर मध्यम घ्या. वळणदार काम क्वचित येत असेल, तर वेगळं मऊ पॅड न घेता दहा-बारा मिलिमीटर जाडीचं इंटरफेस पॅड घ्या. त्याला एका बाजूला लव आणि दुसऱ्या बाजूला आकडे असतात. मूळ पॅड आणि कागद यांच्यामध्ये ते लावायचं आणि काम झालं की काढून ठेवायचं.

याच धर्तीवर पातळ, फोम नसलेला पॅड सेव्हर मिळतो. माझ्या मते रोज काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लावावाच. कागद चढवण्या-उतरवण्याची झीज त्याच्या आकड्यांवर जाते आणि खालचं महागडं पॅड शाबूत राहतं. जाळीचा कागद वापरणाऱ्यांना तर तो सक्तीचाच माना, कारण जाळीतून धूळ आणि उष्णता दोन्ही थेट आकड्यांपर्यंत पोचतात.

बदलण्याची पद्धत

प्लग काढा; बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. नुसतं बटण बंद करून हे काम करू नका. मशीन उलटं करून मांडीवर न घेता टेबलावर ठेवा. मधल्या भोकातला स्क्रू बहुधा ॲलन किंवा टॉर्क्स माथ्याचा असतो. त्यात पावडर भरलेली असते, ती आधी टोच्याने काढा. तसंच पाना घुसवला तर माथा गोल होतो आणि पुढचा सगळा दिवस त्यातच जातो. एका हाताने पॅड घट्ट धरा आणि स्क्रू सोडवा. हवेच्या सँडरला सोबत एक पातळ पाना मिळतो. तो पॅड आणि मशीनच्या मधल्या फटीत सरकवून स्पिंडल धरायचा आणि पॅड हाताने फिरवून काढायचं. आत वायसर असतील तर ते कोणत्या क्रमाने होते याचा फोटो काढून ठेवा. एक जरी राहिला तरी पॅड बुडाला घासतं.

पॅड निघालं की थेट नवं चढवू नका. हीच वेळ आहे आतलं पाहायची. साठलेला भुसा ब्रशने काढा. स्पिंडल हाताने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा बाजूला हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग गेलं आहे, आणि नव्या पॅडने ते झाकलं जाणार नाही.

मग मशीनच्या बुडाशी असलेली रबराची गोल कड किंवा पट्टी पाहा. हा पॅडचा ब्रेक. मशीन हवेत असताना पॅड सुसाट फिरू नये म्हणून ती त्याच्या पाठीला हलकेच घासत राहते. ही कड झिजली की पॅड हवेत भन्नाट वेग घेतं, आणि त्या वेगात लाकडावर टेकलं की पहिल्याच क्षणी वर्तुळाकार चरे पडतात. मशीन उचलल्यावर त्याचा आवाज एकदम चढत असेल, तर पॅडसोबत ही कडही मागवा. कित्येक मशिनांवर ती स्क्रू न काढता हाताने निघते.

नवं पॅड बसवताना थाळीच्या पाठीवरचा खाचा स्पिंडलच्या आकारात बरोबर बसला पाहिजे. चौकोनी किंवा षट्कोनी आकार असेल तर पॅड थोडं फिरवून, ते खाली बसल्याचं हाताला कळल्यावरच स्क्रू लावा. स्क्रू आधी बोटांनी पिळा, मग पान्याने हाताच्या जोराएवढाच आवळा. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावू नका, आटे मोडतात. शेवटी पॅड हाताने फिरवून पाहा, ते मोकळं आणि सरळ फिरलं पाहिजे. कागद लावून टाकाऊ फळीवर अर्धा मिनिट चालवा आणि स्क्रू पुन्हा एकदा तपासा.

चिकटवून चालवणं

आकडे गेले की नुसता व्हेलक्रो कापून पॅडवर चिकटवण्याची पद्धत खूप चालते. फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबरी ॲडेझिव्ह दोन्ही बाजूंना लावून, सुकत आल्यावर दाबून, रात्रभर वजनाखाली ठेवलं की ते बसतं. फोम अजून ताठ आणि सपाट असेल, गावाबाहेरच्या साइटवर काम अडलं असेल, तर दोन-चार दिवसांसाठी हे ठीक आहे. कायमचा उपाय म्हणून मी ते सुचवणार नाही. ॲडेझिव्हही उष्णतेने मऊ पडतं, थर जागचा सरकतो, भोकं बुजतात आणि तोल जातो. फोम मुळातच दबलेला असेल तर आकडे नवे लावून काही उपयोग नाही.

पॅड साफ करायला थिनर वापरू नका, तो फोम आणि चिकटवण दोन्ही खातो. कडक टूथब्रश आणि व्हॅक्यूम पुरे. कंप्रेसरची हवा मारायची असेल तर तिरकी मारा, म्हणजे पावडर फोमात न जाता बाहेर पडेल.

चौकोनी कागदाच्या क्लिपवाल्या सँडरचं पॅडही याच नियमाने बदलतं. त्याला बहुधा चार स्क्रू असतात. भोकं पाडायची पंच प्लेट मात्र जपून ठेवा. त्रिकोणी डेल्टा सँडरचं टोक आधी झिजतं. पुष्कळ मशिनांत पॅड सोडवून एक तृतीयांश फिरवून लावलं की नवं टोक पुढे येतं. नवं विकत घेण्याआधी हे करून पाहा.

ठेवायचं कसं

पॉलियुरेथेनचा फोम न वापरताही खराब होतो. काही फोम दमट हवेत पाण्याच्या वाफेशी हळूहळू अभिक्रिया करून विरघळल्यासारखे चिकट होतात, मग भुसभुशीत. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे अचानक गळून पडतात ते यामुळेच. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मशीन पडून राहणार असेल, तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि जादा पॅड दोन-तीन वर्षांच्या साठ्याने घेऊन ठेवू नका. मशीन पॅडवर उभं ठेवू नका, आडवं ठेवा किंवा टांगा. वजनाखाली महिनोन्‌महिने दबलेला फोम पूर्ण वर येत नाही. टेम्पोत, गाडीच्या डिकीत, उन्हात राहिलेल्या पॅडचंही आयुष्य घटतं. हत्यारांच्या पिशवीत टाकताना जुना कागद लावून टाका, म्हणजे आकड्यांत कापूस आणि कचरा शिरत नाही.

या सगळ्यात धुळीची पिशवी अर्धी भरली की रिकामी करा आणि नाकावर रुमालाऐवजी आयएस ९४७३ लिहिलेला एफएफपी २ मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ ही माणसात कर्करोग करणारी आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. ज्या पॅडची भोकं बुजली आहेत, ते हीच धूळ तुमच्या तोंडाशी उडवतं.

कारखानदारांना आणि इंटीरियरची कामं घेणाऱ्या ठेकेदारांना एक विनंती. कागदाची खरेदी तुम्ही कामाच्या खर्चात धरता, पॅड मात्र कारागिराच्या खिशावर सोडता. मग तो ते शेवटच्या तुकड्यापर्यंत चालवतो, आणि त्याचे चरे तुमच्या पॉलिशखाली दिसतात. पुढच्या वेळी कागदाची पेटी मागवाल तेव्हा त्याच बिलात प्रत्येक मशीनमागे एक पॅड आणि दोन पॅड सेव्हर घाला.